अर्ध्या मापाचं व्हायोलिन

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा गोल आरसा मी व्हायोलिनच्या भोकातून आत सरकवला, बाहेरून टॉर्च धरला, आणि पाहिलं तर पट्टी भलत्याच बाजूला होती.

आधी वाटलं, आरशात उलटं दिसत असेल. आरसा बाहेर काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. मग आरशाचा नाद सोडून भोकाला डोळाच लावला. पट्टी होती तिथंच होती. तिचा काय दोष? मी जिथं चिकटवली तिथं ती इमानदारीत बसली होती.

व्हायोलिनच्या पोटात दोनच वस्तू असतात. एक लांब पट्टी, वरच्या फळीला आतून चिकटवलेली. तिला बेसबार म्हणतात, आणि ती जाड तारेच्या बाजूला हवी. दुसरी पेन्सिलीएवढी दांडी, बारीक तारेच्या बाजूला, वरची आणि मागची फळी यांच्यामध्ये नुसती अडकवून उभी केलेली. ही दांडी नसेल तर व्हायोलिन वाजत नाही, कण्हतं. सकाळपासून मी ती उभी करायला झटत होतो आणि ती सारखी आडवी पडत होती. मला वाटलं, माझा हात थरथरतोय. तो थरथरतोच, पण आज त्याची चूक नव्हती. दांडीच्या जागेवर बेसबार बसला होता.

हे कसं झालं ते लगेच कळलं, हे आणखी वाईट. नकाशा वरून पाहिलेल्या व्हायोलिनचा होता. पट्टी चिकटवायची तर फळी पालथी घालावी लागते, आणि पालथी घातली की बाजू बदलतात. हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं आहे. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती. रेघ मारली, पुस्तक मिटलं, आणि चुकीच्या बाजूला पट्टी लावली. आयुष्यभर मी पुस्तकांबरोबर हेच करत आलो आहे की काय, कोण जाणे.

"आजोबा, इज इट डन?"

आरुषी गॅरेजच्या दारात उभी होती. शाळेला सुट्टी. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात अर्धवट खाल्लेला टोस्ट.

"थोडं राहिलंय, बाळा."

"यू ऑलवेज से दॅट," ती म्हणाली. रागानं नाही. पाऊस पडतोय म्हणावं, तसं.

मी नाशिकरोडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर मुलाकडे, सारंगकडे, इकडे परदेशात हॉर्नबीला आलो. सारंग दुधाच्या कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. इथं येऊन मी करायचं काय, हा सगळ्यांनाच प्रश्न होता. तेवढ्यात आरुषीच्या शाळेच्या युकुलेलेची, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारची, पाठ फुटली. मी वाचून वाचून ती चिकटवली. मग एक युकुलेले स्वतः केलं. ते वाजलं. माझ्या हातून झालेली वस्तू वाजली, याचं मला इतकं नवल वाटलं, की आरुषी युकुलेले सोडून व्हायोलिनकडे गेली आणि म्हणाली, "कॅन यू मेक मी वन?", तेव्हा मी हो म्हणून बसलो.

व्हायोलिन म्हणजे मोठं युकुलेले नव्हे, हे कळायला मला पहिला हिवाळा लागला. लाकूड कमावण्यात काही महिने, वाया घालवण्यात काही महिने.

आरुषी आठ वर्षांची. तिला अर्ध्या मापाचं व्हायोलिन लागतं. सध्या भाड्याचं वापरते. तिची शिक्षिका हेलन, जिच्या तोंडी तात्याचं टाट्या होतं, मला म्हणाली होती, "टाट्या, शी इज शूटिंग अप." पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला पाऊण मापाचं लागेल. म्हणजे माझं व्हायोलिन डिसेंबरच्या कार्यक्रमात वाजलं तर वाजलं. मग मुलगी वाढलेली आणि व्हायोलिन भिंतीवर. तिनं शाळेत सांगून टाकलं होतं. दर महिन्याला आपली मंडळी बुद्धवंदनेला हॉलमध्ये जमतात, तिथंही सांगितलं होतं. तिथले रमण वाघमारे दर वेळी चहा घेताना मला गाठायचे.

"जय भीम, तात्याराव. काय मग, पोरगी युनिव्हर्सिटीत जाईपर्यंत होईल ना व्हायोलिन?"

सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येताना मला त्यांच्यासाठी एकेक उत्तर सुचायचं.

जेवताना मी सांगून टाकलं.

सारंगनं घास थांबवला. "म्हणजे फक्त बाजू उलटी झालीये ना? मग तारा उलट्या लावा, बाबा. डावखुऱ्यांचं व्हायोलिन. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड."

"पण आय ॲम राइट-हँडेड, पप्पा," आरुषी म्हणाली.

"शिकशील की."

"सारंग," निशा, माझी सून, म्हणाली, "तू गप्प बस जरा."

द्रौपदीनं माझ्या ताटात भाकरी वाढली. आमच्या लग्नाला उणंपुरं अर्धशतक होत आलंय, पण मी काय वाचतो यात तिला कधी रस नव्हता. मी काय करतो यात मात्र होता. "ती दांडी इतकी महत्त्वाची आहे का?" तिनं विचारलं.

"फ्रेंच लोक तिला व्हायोलिनचा आत्मा म्हणतात."

"मग नाही बसला तर नाही बसला. आपल्यात कुठं आत्मा मानतात?"

आरुषीला समजलं नाही, पण आजीबरोबर ती इतकी हसली की पाण्याचा ग्लास सांडला. मला मात्र हसू आलं नाही. मी म्हणालो, "उघडावं लागेल." आणि ते म्हणतानाच मी ते कशानं चिकटवलं होतं हे मला आठवलं.

व्हायोलिन चिकटवायचं ते सरसानं. जनावरांचं कातडं उकळून केलेल्या सरसानं. झाडून सगळी पुस्तकं हेच सांगतात. सरस घट्ट धरतो, पण उष्णता आणि ओल लागली की सोडतोसुद्धा. व्हायोलिन आज ना उद्या उघडावं लागणार, हे धरूनच कारागीर ते चिकटवतात. लाकूड फुटण्याऐवजी सांधा सुटावा. मला ही गोष्ट फार आवडली होती. तिच्याखालीही रेघ होती.

मी सरसाचे दाणे मागवले होते. पाकीट आलं ते द्रौपदीच्या हातात पडलं.

"हे काय आहे? हरभऱ्याच्या डाळीसारखं."

"सरस. व्हायोलिनला लागतो."

"सुतार लावतात तो?" तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात ओट्याच्या नळाखाली धरला. "कातड्याचा?"

"हो."

"माझ्या घरात हे शिजणार नाही."

सारंग तेव्हा समोर होता. तो म्हणाला, "आई, दर रविवारी तू मटण करतेस. मग सरसाचं काय एवढं?"

"मटण आपण आपल्या मनानं आणतो," ती म्हणाली आणि निघून गेली.

सारंगला ते कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं, बाबासाहेबांचं ऐकून. द्रौपदीच्या माहेरीही सोडलं होतं. पण तिच्या गावानं ते मनात ठेवलं. ती लहान असताना पाटलाचा बैल मेला, तो त्यांनी ओढत आणून वस्तीच्या तोंडाशी टाकला. बघू कसं उचलत नाहीत. तिच्या वडिलांनी उचलला नाही. कुणीच उचलला नाही. माणसं नाकाला पदर लावून जेवली. गिधाडं आली. इतक्या वर्षांत द्रौपदीनं हे मला एकदाच सांगितलं आहे, आणि सांगताना तिनं बैलाबद्दल कमी आणि वासाबद्दल जास्त सांगितलं.

मग मी काय वाद घालणार? पाकीट न उघडता गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून सुतारकामाचा पिवळा गोंद आणला. युकुलेलेला तोच लावला होता. बाटलीवर लिहिलं होतं, लाकडापेक्षा मजबूत. ते वाचून तेव्हा बरं वाटलं होतं.

मी व्हायोलिन उघडायला घेतलं. जेवणाच्या सुरीची धार घालवून ती पातळ केली, गरम पाण्यात बुडवून कडेच्या फटीत घालायची, हलकं दाबायचं, पुसायचं, पुन्हा बुडवायची. सरस असता तर चट् चट् असा आवाज करत सांधा सुटत गेला असता, असं वाचलं होतं. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मग किटलीची वाफ दिली. लाकडाचे तंतू उभे राहिले, कडा फुगली, गोंद रबरासारखा मऊ झाला आणि तरी सुटेना. दोन दिवसांत बोटभर जागा सुटली असेल.

तिसऱ्या दिवशी बाहेर वायव्येचा वारा सुटला होता. इथं सगळे त्याला नॉर्वेस्टर म्हणतात. डोंगर ओलांडून येतो, गरम आणि कोरडा, आणि सगळ्यांची डोकी फिरवतो. गॅरेजचा पत्रा वाजत होता. मी सुरी जरा जोरात दाबली. जरा म्हणजे किती, हेच तर मला कधी कळत नाही. एक बारीक आवाज झाला. पापड मोडल्यासारखा. वरची फळी एफच्या आकाराच्या भोकापासून खालपर्यंत उभी फाटली होती. गोंद जागचा हलला नव्हता.

मी सुरी भिरकावली. ती सारंगच्या लॉनमोवरवर आपटली. म्हाताऱ्या माणसानं असं करू नये. मी फाटलेला तुकडा धरून ओढला, मग दुसरा ओढला. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्या लाकडाशी न घाबरता वागत होतो. ढलप्या निघत होत्या, आणि गोंदाच्या पिवळ्या रेषेला लाकडाचे तुकडे तसेच चिकटून राहत होते.

"अहो!"

द्रौपदी आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात चहा होता. तिनं कप लॉनमोवरच्या सीटवर ठेवला आणि माझ्या हातातला तुकडा काढून घेतला.

"तुम्हीच केलंत आणि तुम्हीच मोडताय?"

"उघडत नाही तर काय करू!"

"ओरडू नका. शेजारी ऐकतील." शेजारी वारा ऐकत असतील, दुसरं काय ऐकू जाणार? पण मी गप्प झालो. ती स्टुलावर बसली. "का उघडत नाही?"

"हा गोंद सोडत नाही."

"मग सोडणारा का नाही लावला?"

 माझी नजर गॅरेजच्या वरच्या फळीकडे गेली असावी, कारण तिनंही वर पाहिलं. पाकीट तिथंच होतं. त्याच्यावर धूळ बसली होती.

"हं," ती म्हणाली.

वारा पत्र्यावर आपटत राहिला. चहा गार झाला.

"तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत," ती म्हणाली.

"तू नको म्हणालीस."

"मी नको म्हणाले म्हणजे लगेच गप्प? दुसरं काही असलं की चार पुस्तकं आणून दाखवता."

हे खरं होतं, म्हणून मला राग आला. "त्यात काय दाखवायचं? मलाही नको वाटत होतं. माझा आजा काय करायचा, मला माहीत नाही? इतक्या लांब येऊन, नातीच्या खेळण्यासाठी मी पुन्हा कातडं शिजवत बसू?"

"खेळणं कुठंय? वाद्य आहे," ती म्हणाली.

ती उठली. मला वाटलं, आत जाईल. पण ती गॅरेजच्या कोपऱ्यातल्या खोक्यांकडे गेली आणि आरुषीच्या लहानपणीच्या वस्तूंचं खोकं खाली काढलं. त्यातून तिनं दुधाची बाटली गरम करायचं विजेचं भांडं काढलं, फुंकर मारली, पदरानं पुसलं.

"त्यांनी आणून टाकलं होतं," ती म्हणाली. "आमच्या दारात. आम्ही उचलावं म्हणून. हे तुम्ही आणलंय. तुम्हाला पाहिजे म्हणून आणलंय. हो की नाही?"

"हो."

"मग दार उघडं ठेवा आणि करा. मला वास सहन झाला नाही तर मी आत जाईन. तुम्ही करायचं थांबवू नका."

माझा स्वतःवर विश्वास नसल्यामुळं मी सुरुवातीलाच वरच्या फळीसाठी स्प्रूसच्या लाकडाची एक जोडी जास्तीची मागवली होती. आयुष्यात पहिल्यांदा अविश्वास कामाला आला. नवी फळी कोरायला घेतली. पण त्याआधी बाजूच्या पट्ट्यांवरचा पिवळा गोंद खरवडून काढायचा होता, कारण त्या गोंदावर सरस धरत नाही. ऑक्टोबरचे बहुतेक दिवस मी ते खरवडण्यात घालवले. खरवडताना मी रमण वाघमाऱ्यांना मनात उत्तरं देत होतो.

एकदा सारंग आला आणि म्हणाला, "बाबा, सँडर लावून देतो, पाच मिनिटांत होईल." मी नको म्हणालो. तो म्हणाला, "मग वैताग तरी करू नका." तो गेल्यावर मी वैताग केला.

सरस करायचा दिवस उजाडला. दाणे रात्रभर पाण्यात भिजवले होते. फुगून साबुदाण्यासारखे झाले होते. बरणी बाटलीच्या भांड्यात ठेवली. द्रौपदी दाराजवळ खुर्ची टाकून शेंगा सोलत बसली, एक पाय बाहेर. केव्हाही निघता यावं अशी. दाणे हळूहळू विरघळले. मधासारखा रंग आला. वास सुटला.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची भीती वाटत होती.

शेंगा सोलायचा आवाज थांबला. खुर्ची सरकली. माझ्या मागं येऊन ती उभी राहिली आणि बरणीवर वाकली.

"अहो," ती म्हणाली, "हा तर तुमच्या सदऱ्यांचा वास."

"कसल्या सदऱ्यांचा?"

"कॉलेजच्या. उन्हाळ्यात घरी यायचात तेव्हा. मी दोनदोनदा धुवायची."

मी वाकून हुंगलं. आणि मला लायब्ररीच्या मागचा व्हरांडा दिसला. दर मे महिन्यात तिथं बाइंडर बसायचा, पुस्तकांचे मोडलेले कणे सरळ करायला. त्याच्या स्टोव्हवर काळं पातेलं असायचं. मी दिवसभर शेजारी खुर्ची टाकून पुस्तकं मोजून द्यायचो. त्या पातेल्यात काय आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच वासात बसून चहा प्यायलो होतो.

"हा वेगळा आहे," द्रौपदी म्हणाली. "आमच्या दारातला तो नाहीये हा." मग तिला राग आला. "अख्खं वर्ष ते पाकीट वर पडलंय. एकदा उघडून नाकाशी धरलं असतंत तर? माझी धुणी आठवली असती मला! एवढं लाकूड गेलं वाया!"

"तू हात धुतलेस तेव्हा—"

"धुतले. मग? तुम्हाला नाक नव्हतं?"

 मी ब्रश सरसात बुडवला. बेसबार आधीच योग्य बाजूला लावला होता, लावण्याआधी द्रौपदीला बोलावून, फळी पालथी करून, पुन्हा उलटी करून, "जाड तार कुठं येणार?" असं तिला बोट ठेवायला लावलं होतं. आता कडेवरून ब्रश फिरवला, फळी टेकवली, क्लॅम्प आवळले. सरस थंड व्हायला लागला की घाई करावी लागते, आणि मला घाई जमत नाही. "इकडचा, इकडचा राहिला," ती बोट दाखवत होती. तिच्या अंगठ्याला सरस लागला. तिनं तो पाहिला आणि शेंगांच्या सालीला पुसून टाकला.

दांडी यावेळी पहिल्या झटक्यात उभी राहिली असं म्हणायला मला आवडलं असतं. दोन दिवस लागले. पण राहिली.

कार्यक्रमाआधी आठवडाभर व्हायोलिन आरुषीच्या हातात पडलं. तिनं खुंट्या पिळल्या, घोडी बोटानं चाचपून पाहिली, हनुवटीखाली धरलं आणि एक लांब सूर काढला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"इट्स गुड," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, मोठ्या माणसानं लहान मुलाला म्हणावं तसं, "इट्स रिअली गुड, आजोबा."

त्यामुळं माझा पुन्हा विश्वास उडाला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी नॉर्वेस्टर सुटला, आणि इथं डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. निशा ऑफिसमधून, सारंग कंपनीतून, आम्ही तिघं घरातून, असे सगळे निघालो. वाटेत डेअरीत, इथं नाक्यावरच्या छोट्या दुकानाला तसं म्हणतात, आरुषीसाठी ज्यूस घ्यायला थांबलो. ज्यूसवरून लॉलीज, लॉलीजवरून तिची एक मैत्रीण भेटली, आणि व्हायोलिन गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात राहिलं. मी वाचलं होतं. बंद गाडीत वाद्य ठेवू नये. अर्थात वाचलं होतं.

शाळेच्या हॉलमागं हेलननं सूर लावायला व्हायोलिन घेतलं. जाड तार छेडली आणि कुठंतरी माशी गुणगुणल्यासारखा आवाज आला. पुन्हा छेडली. पुन्हा माशी. हेलननं बोटाच्या पेरानं कडेकडेनं टिचक्या मारल्या, आणि एका जागी आवाज पोकळ आला. खालच्या डाव्या अंगाला वरची फळी आणि बाजूची पट्टी यांच्यात केसाएवढी फट पडली होती.

"ओह, टाट्या," हेलन म्हणाली. "इट हॅपन्स." ती चांगली बाई आहे. पण कार्यक्रमाला वेळ उरला नव्हता. तिनं कपाटातून शाळेचं व्हायोलिन काढलं.

मला वाटलं, आरुषी रडेल. तिचा ओठ जरा वाकडा झाला. मग तिनं शाळेचं व्हायोलिन घेतलं, माझं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "कॅन यू होल्ड दिस?" आणि रांगेत जाऊन उभी राहिली. शहाणी मुलगी. माझ्यासारखी नाही.

अख्खा कार्यक्रम मी ते व्हायोलिन मांडीवर घेऊन बसलो. आरुषीनं चांगलं वाजवलं. शाळेचं व्हायोलिन कारखान्यातलं, लालभडक, आणि त्यातून एकही माशी गुणगुणत नव्हती. वाघमारे पुढच्या ओळीत होते. त्यांची नातही शाळेत आहे. ते मागं वळले, माझ्या मांडीकडे पाहिलं, आणि यावेळी काही बोलले नाहीत. त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

द्रौपदी शेजारी होती. तिनं अंगठा फटीवरून फिरवला. अंधारात पुटपुटली, "फाटलंय?"

मीही अंगठा फिरवला. कडा गुळगुळीत लागली. कुठं ढलपी नाही, कुठं तंतू नाही. "नाही," मी म्हणालो. "सुटलंय."

"फळी नाही ना गेली?"

"नाही. सांधाच सुटलाय फक्त."

"मग मी घरी गेल्यावर दाणे भिजवते."

पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं, म्हणून आम्ही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा बाटलीचं भांडं आधीच चालू होतं. बरणीत सरस तयार होता, मी करतो त्यापेक्षा जरा पातळ. मी म्हणालो, पातळ झालाय. ती म्हणाली, पातळच आत शिरतो, जाड घातलात म्हणून तर सुटलं असेल. पुस्तक काय म्हणतं ते पाहायला मी आत गेलो. पुस्तक तिच्या बाजूनं होतं. मी ते सांगितलं नाही. पुस्तक मिटून परत आलो आणि पातळ सरस फटीत सोडला. एकच क्लॅम्प लागला.

आरुषी नाश्त्याचा वाडगा घेऊन आली. "इज इट डन?"

"उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"यू ऑलवेज से दॅट."

"या वेळी खरंच उद्या," द्रौपदी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी, बूट घालून, दप्तर पाठीवर तसंच ठेवून, तिनं गॅरेजमध्येच व्हायोलिन काढलं. कार्यक्रमातला तुकडा सुरू केला. निशा बाहेर हॉर्न देत होती. मी माशी ऐकू येते का ते ऐकत होतो, माशी नव्हती. मध्यावर आरुषी थांबली.

"इट्स लाउडर दॅन द स्कूल वन."

"ते चांगलं की वाईट?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "जस्ट लाउडर," ती म्हणाली, आणि व्हायोलिन पेटीत न ठेवता माझ्या हातात देऊन गाडीकडे पळाली. "डोन्ट पुट इट इन द सन, आजोबा!"